मांडीवरची गोफण

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की माझ्या स्टुडिओत फोटो काढायला आलेलं माणूस आधी शिंकतं. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, वारा जरा फिरला की तिचा ठसका थेट आमच्या गल्लीपर्यंत येतो. कॉलेजात अर्ज भरायला निघालेली पोरं, पेन्शनच्या कागदांना फोटो लागतो म्हणून आलेले म्हातारे, सगळ्यांचे डोळे लाल आणि पाणावलेले. मी म्हणतो, हलू नका, एक मिनिट श्वास धरा. ते श्वास धरतात आणि मी बटण दाबायच्या नेमक्या वेळी शिंकतात. पंचवीस वर्षं झाली हा धंदा करून. माणसांना गप्प बसवायचं आणि हलू द्यायचं नाही, यापलीकडे मला फारसं काही येत नाही.

काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे, चिमणीचा. साधी घरचिमणी, मादी, मातकट रंगाची. ती उडते आहे. पंख पूर्ण पसरलेले, त्यातलं एकेक पीस मोजता येईल इतकं स्पष्ट, पाय पोटाशी घेतलेले, आणि चोचीत ज्वारीचा एक दाणा. परवा ओळखपत्राच्या फोटोसाठी एक मास्तर आले होते. त्यांनी विचारलं, हा कुठल्या जंगलात काढला? म्हटलं, जंगल कसलं, आमच्या काकूच्या शेतात. ते म्हणाले, नशीबवान आहात हो. मी हसलो आणि त्यांना हनुवटी जरा वर करायला सांगितली. त्या दिवशी त्यांचे दोन फोटो बिघडले आणि दोन्ही वेळा ते नाही, मी हललो होतो.

मिरची वाळायला लागते त्याच सुमाराला तापीकाठी दादर भरते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. काळ्या जमिनीच्या ओलीवर वाढते, पाणी मागत नाही. तिची भाकरी पांढरी, गोडसर, दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारी. माझ्या लहानपणी आमच्या गावाची शीव ते नदी, सगळी दादर. थंडीच्या सकाळी कणसांवर दव असायचं, शेतातून शाळेत जाताना चड्डी ओली व्हायची आणि मास्तर वेगळंच काहीतरी समजून हसायचे. दाणा चिकात आला, कोवळा दुधाळ भरला, की राखणी सुरू. प्रत्येक शेतात कोणीतरी लाकडी माळ्यावर, मचाणावर उभं, हातात गोफण, आणि एका शेतातून उठलेला थवा दुसऱ्या शेतात, तिथून तिसऱ्यात, असं दिवसभर चालायचं. पाखरं सगळ्यांकडची थोडी थोडी खायची. त्यामुळे कोणाचंच फार जायचं नाही. हे गणित मला तेव्हा कळत होतं की नाही माहीत नाही, पण पुढे ज्या वेळी कळायला हवं होतं तेव्हा कळलं नाही एवढं खरं.

त्या सगळ्या राखणदारांत आमच्या सुमनकाकूचा आवाज सर्वांत मोठा. माझ्या धाकट्या काकांची ती बायको. तिला मूलबाळ झालं नाही, आम्हा दोघा भावांचंच तिने केलं. एरवी बोलायला मऊ. शेतात मात्र ‘हाऽऽ हुर्र्र’ अशी हाळी घालायची की नदीपलीकडच्या गावातली पाखरं उठायची, असं काका म्हणायचे. काका लवकर गेले. त्यांचा एकट्याचा असा फोटोच नव्हता. कोणाच्या तरी लग्नातला पंधरा-वीस माणसांचा एक फोटो होता, त्यात ते मागच्या रांगेत, अर्धा खांदा दुसऱ्याच्या फेट्याआड. मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. चार दिवस बसून काकांना त्या गर्दीतून बाजूला काढलं, झाकलेला खांदा नव्याने करून दिला आणि मागे निळं आभाळ टाकलं. काकूने तो फोटो हातात घेतला, कितीतरी वेळ पाहिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटतं, माझ्या कॅमेऱ्याला काहीही अशक्य नाही असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं.

पाखरांचं वेड मला बरंच उशिरा लागलं. लग्नं उरकून उरकून कंटाळलो होतो. तीच हळद, तीच वरात, तेच नवरीचं रडणं आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघणं. एकदा कोणाच्या तरी मोबाइलवर उडत्या मुनियेचा फोटो पाहिला. बोटभर पाखरू, हवेत थिजल्यासारखं. आयुष्यभर माणसांना हलू नका म्हणत आलो, आता न थांबणाऱ्याला धरून दाखवू, असं काहीतरी डोक्यात शिरलं.

हे काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो. लहान पाखराचा पंख इतका भरभर हलतो की साध्या उजेडात त्याचं नुसतं धुकं येतं. तिथे कॅमेऱ्याचा काही उपयोग नसतो, तिथे फ्लॅशच हवा. गंमत अशी की फ्लॅशची ताकद जितकी कमी करावी तितका त्याचा लखलखाट आखूड होतो. अगदी कमी केला तर सेकंदाचा वीस हजारावा भाग. तेवढ्या वेळात पंखालाही हलता येत नाही. पण ताकद कमी म्हणजे उजेड कमी, म्हणून फ्लॅश पाखराच्या हाताभर अंतरावर लागतात. एक नाही, चार. आणि भोवती दिवसाचा उजेड फार नको, म्हणजे सूर्य वर येण्याआधीचा अर्धा-पाऊण तास काय तो आपला. बरं, पाखराने नेमकं त्या चार फ्लॅशच्या मध्ये, विताच्या जागेतून जायला हवं. तिथे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांची एक रेघ सोडायची. पाखराने ती तोडली की फोटो आपोआप निघतो. आता पाखराला हे कोण सांगणार? ते रोज एकाच वाटेने, बिनधास्त यायला हवं. थोडक्यात, त्याला माहेरी आल्यासारखं वाटायला हवं.

असं ठिकाण मला एकच माहीत होतं. आमच्या गावात आता पपई आहे, केळी आहे, कापूस आहे. काकूच्या वाट्याची जमीनही मोठा भाऊच कसतो आणि त्यात पपई लावतो. फक्त विहिरीजवळची चार-पाच गुंठ्यांची पट्टी काकूने स्वतःकडे ठेवली होती. त्यात ती दरवर्षी दादर लावायची. अख्ख्या शिवारात तेवढीच दादर उरली होती, आणि बांधावरच्या बाभळीवर शिवारभरची पाखरं. ती बाभळीवरून कणसांवर एकाच उतारावरून यायची-जायची. मी जागा पाहिली आणि हरखलो. पाच वर्षांपूर्वीची, अशीच थंडीच्या दिवसांतली गोष्ट.

अडचण एकच होती, ती म्हणजे काकू. तिने हाळी घातली की पाखरं उठायची आणि तास-दीड तास फिरकायची नाहीत. फ्लॅशला पाखरं दोन दिवसांत सरावली. इतका छोटा तो लखलखाट, त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. काकूच्या आवाजाला मात्र कोणी सरावत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, काकू, चार दिवस ओरडू नको आणि गोफणही फिरवू नको. नुसती बस, म्हणजे पाखरांना तुझीही सवय होईल. दिवसभर त्यांना येऊ दे, तरच सकाळी ती माझ्या वाटेने येतील. ती कणसांकडे बघत होती. दाणा नुकताच चिकात आलेला. मग माझ्या खोक्यांकडे, वायरींकडे बघितलं.

“बठसू ना मी गुपचूप,” ती म्हणाली. “तुन्हं काम व्हऊ दे. पाखरं खाई खाई कितलं खातीन?”

आणि ती बसली. बांधावर घमेलं पालथं घालून त्यावर बसायची. गोफण दुमडून मांडीवर ठेवलेली, तोंडाला पदर लावलेला. पहिल्या दिवशी एक-दोनदा तोंडातून हाळी निघायला लागली तर तिने पदराचा बोळा दातांत धरला. मला हसू आलं, तीही हसली. मी तिचा एक फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे, कोणाला दाखवत नाही. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, कणसांकडे बघते आहे, आणि उजव्या हाताच्या मुठीत गोफणीची दोरी इतकी घट्ट आहे की बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. तेव्हा मला ती ऊन खात बसल्यासारखी दिसली होती.

चार दिवसांत मला चिमण्यांच्या शेपट्या मिळाल्या, अर्धे पंख मिळाले, एकदा एका सुगरणीचं नुसतं पोट मिळालं. मुनियांचा थवा यायचा तो माझ्या चौकटीच्या वरून जायचा. जवळ आलो होतो, पण हातात काही नव्हतं. मग आणखी दोन दिवस मागितले. सहाव्या दिवशी तिने विचारलं, “आजून कितला दिन लागतीन रे?” मी कॅमेऱ्यात डोळा घालूनच म्हटलं, दोनच दिन, काकू.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मला दिसत होतं. दुसऱ्या कोणाला नाही तरी मला दिसत होतं, कारण रोज सकाळी मी तीच चार-सहा कणसं भिंगातून, मोठी करून पाहत होतो. पहिल्या दिवशी ती गच्च भरलेली होती. पाचव्या दिवशी त्यांना टक्कल पडायला लागलं होतं. सातव्या दिवशी तर फोटोत कणीस चांगलं दिसेना, म्हणून मी आतल्या ओळीतली भरलेली कणसं वाकवून पुढे बांधली. म्हणजे पाखरांना मी वाढून दिलं. तेव्हा मनात आलं होतं की हिचं बरंच जातंय. पण लगेच हेही आलं की जाऊ दे, पाच पायली दादर ती काय, बाजारातून आणून देऊ. माणूस अशा वेळी स्वतःशी किती पटकन तडजोड करतो.

नवव्या दिवशी ती चिमणी मिळाली. सूर्य यायचा होता, नदीकडून गार वारा येत होता. फ्लॅश चमकला तेव्हाच मला आतून कळलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं आणि मी ओरडलो. नऊ दिवसांत त्या शेतात पहिल्यांदा कोणीतरी ओरडलं आणि सगळी पाखरं भर्रकन उठली. काकू घमेल्यावरून उठली, गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. मी तिला पडदा दाखवला. तिच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आलेला. तिला काही धड दिसलं नाही, तरी तिने छान शे म्हटलं. मग गोफणीत दगड घातला आणि रिकाम्या बाभळीकडे भिरकावला. मी सामान आवरून दुपारच्या गाडीने नंदुरबारला परतलो.

फोटो गाजला. एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात लागला, तिथे लोक त्याच्यासमोर उभे राहायचे. मला बोलायला बोलावलं. मी माईक धरून संयमाबद्दल बोललो. नऊ दिवस कसा पहाटे उठलो, थंडीत बोटं कशी वाकत नव्हती, सगळं सांगितलं. काकूचं नाव घेतलं नाही. विसरलो असंही नाही, त्या गोष्टीत तिला कुठे बसवावं ते सुचलं नाही.

पुढच्या वर्षीच्या आखाजीला गावी गेलो. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकी-सुनांचा सण, झोके, गाणी, माहेरवाशिणी. काकू भाकरी करत होती. भाकरी थापता थापता तिची कड फाटत होती, ती पाण्याचं बोट लावून सांधत होती. मी म्हटलं, काकू, तुझी भाकरी कधी फाटत नाही. ती म्हणाली, पीठ दुकानचं आहे. मग तव्याकडे बघतच तिने जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत त्या घरात कधी ऐकलेलं नव्हतं. लग्न करून निघताना तिच्या आईने तिच्या पदराला एक पसा दादर बांधली होती, बी म्हणून. माहेरच्या शेतातली. पुढे आई-वडील गेले, भावांनी जमीन विकली आणि ते सुरतेला गेले. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. तिला जायला माहेर उरलं नाही. ती दरवर्षी आखाजीला त्या दादरची पहिली भाकरी करायची, अर्धी खायची, अर्धी बांधून ठेवायची, आणि संध्याकाळी ती शिदोरी माहेरून आली असं समजून खायची. आम्ही पोरं हसायचो की काकू शिळं खाते.

“मन्ही मायनी बांधेल बी व्हतं ते,” ती म्हणाली. बाकीचं मी खोदून विचारलं तेव्हा कळलं.

त्या वर्षी घरात ठेवलेल्या बियाला कीड लागायला लागली होती, म्हणून तिने होतं नव्हतं ते सगळं पेरलं होतं. राखेत घोळून मडक्यात ठेवायलाही काही मागे ठेवलं नव्हतं. पाखरांनी सोडलेली जी थोडी कणसं उरली ती पोचट निघाली. पुढच्या मोसमात तिने तीच पेरून पाहिली, दोन-चार रोपं आली, ती ढोरांनी खाल्ली. मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? नऊ दिवस समोर बसून बघत होतीस. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो. तू हात जोडले होतेस ना, असं ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्यानंतर मी दादर शोधत फिरलो. शहाद्याच्या दुकानांतून आणली, तळोद्याकडच्या एका ओळखीच्यांकडून आणली. अक्कलकुव्याला लग्नाचं काम होतं तिथून वर मोलगीच्या बाजारात गेलो, डोंगरातल्या बायांसमोरच्या टोपल्यांतली ज्वारी मुठीत घेऊन पाहिली. त्यांना माझी भाषा नीट कळेना, मला त्यांची. त्यांनी देऊ केलं ते सगळं घेऊन आलो. सुरतेला जाऊन काकूच्या भाच्याला गाठलं, त्याला दादर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. काकूच्या दादरच्या दाण्याला देठाजवळ तांबूस टिपका असायचा, कुंकवाचं बोट पुसटसं लागावं तसा. मी आणलेला प्रत्येक दाणा ती तळहातावर घेऊन बोटाने फिरवायची, डोळ्यांजवळ न्यायची आणि म्हणायची, चांगली आहे हो, भाकरी चांगली होईल. मग मी आणणं बंद केलं. ती मला नाही म्हणत नव्हती, तेच मला सोसेना.

या महिन्यात काकूला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नंदुरबारला आणलं. एकामागून एक दोन्ही डोळे झाले, तीन आठवडे आमच्याकडे राहिली. काल डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितला. घरी जायच्या आधी तिला माझा स्टुडिओ बघायचा होता, इतक्या वर्षांत ती इथे आलीच नव्हती. आज सकाळी तो चिमणीचा फोटो भिंतीवरून उतरवावा असं मनात आलं होतं. स्टुलावर चढलोही. उतरवला नाही. का नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

रिक्षातून उतरली तीच शिंकत. आत आली, छत्र्या आणि दिवे पाहिले, नवरा-नवरी बसवायच्या सोफ्यावर हात फिरवून पाहिला. नवीन डोळ्यांनी तिला सगळं फार लख्ख दिसत होतं. माझ्या गालावरचा तीळ तिला आठवत होता, पण माझे केस पांढरे झालेत हे तिला कालच कळलं होतं. मग ती त्या फोटोसमोर थांबली. लोक तिथे थांबले की पंख बघतात. ती पंखांकडे बघत नव्हती. अगदी जवळ गेली, काचेवर तिचा श्वास उमटला, तो तिने पदराने पुसला.

“मन्ही दादर शे हाई,” ती म्हणाली.

तो तांबूस टिपका तिथे आहे. मी तो फोटो हजार वेळा पाहिला असेल, कॉम्प्युटरवर त्याची धूळ पुसली, रंग नीट केले, चिमणीच्या डोळ्यातली चमक वाढवली. दाण्याकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. पांढरा, गोल, देठाशी कुंकवाचं बोट. माझ्या आयुष्यातला सर्वांत स्पष्ट फोटो, आणि त्यात सर्वांत स्पष्ट तो दाणा.

काकूने काचेवर, दाण्याच्या बरोबर वर बोट ठेवलं. रागाने नाही आणि थट्टेनेही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला ती विचारायची ना, आता मला सुईत दोरा ओवता येईल का, तशा आवाजात तिने विचारलं.

“तुन्हा काकाले त्या फोटोमाईन येगळा काढी दिन्हा व्हता ना तू? तसा हाऊ एक दाना काढी दे माले.”

मी समोरच्या स्टुलावर बसलो. काकू दाण्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिलो.